लुटुपुटूच्या लढाईतील हारजीत

रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच व्यावसायिक कुस्तीवरील लेख ठेवला, याला काही अर्थ आहे. मुष्टियुद्धात प्रेक्षकाचे लक्ष निकालाकडे लागलेले असते. या कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण असतो, आणि वेदना, पराभव, न्याय यांची चिन्हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता येतील इतकी ठळक केलेली असतात. लढाई खरी की खोटी हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननेच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला व्यवसाय क्रीडा नसून करमणूक आहे, असे सांगून टाकले. (आपल्याकडे याच कुस्तीचे नाव वृत्तपत्रांनी ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ या शब्दप्रयोगात जिरवून टाकले आहे. जी खोटी म्हणून हिणवली गेली, तिचे नाव खऱ्या मारामारीला मिळाले.)

मात्र या कुस्तीचा व्हिडिओ गेम तयार होतो तेव्हा निकाली निघालेला प्रश्न वेगळ्या रूपात परत येतो. कुस्तीच्या रिंगणात निकाल आधी ठरलेला असतो. पडद्यावर तो ठरलेला नसतो. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी कोणीतरी खरोखरच हरतो. अनुकृतीची अनुकृती केली असता खोटेपणा दुणावेल अशी प्लेटोची अपेक्षा असती. येथे तर तो नाहीसा होतो. मग मूळ कुस्तीपेक्षा तिचा गेमच अधिक प्रामाणिक म्हणायचा काय? हे उत्तर मोहक आहे, पण त्यात ‘प्रामाणिक’ या शब्दाचा अर्थ फारच आकुंचित झालेला आहे.

३ ऑगस्ट १९९७ च्या एका लढतीचे उदाहरण घेऊ. ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटे धरून डोक्यावर आपटण्याचा ‘पाइलड्रायव्हर’ हा डाव टाकला. ऑस्टिनचे डोके खरोखरच जमिनीवर आदळले, मानेला इजा झाली आणि काही काळ त्याला हातपाय हलवता येईनात. पण निकाल ऑस्टिनच्या बाजूने ठरलेला होता. हार्ट प्रेक्षकांना चिथावत, फुशारक्या मारत वेळ काढीत राहिला. मग ऑस्टिनने कसेबसे सरकत येऊन त्याला दुबळेपणाने गुंडाळले आणि हार्ट चीत झाला. ज्याने इजा केली त्यानेच प्रतिस्पर्ध्याला सावरण्यासाठी वेळ दिला, आणि तोही खलनायकाची भूमिका न सोडता. या व्यवसायाचे नीतिशास्त्र या काही मिनिटांत दिसते. जाहीर वैर आणि गुप्त विश्वास अशी त्याची दुपेडी रचना आहे. डाव टाकणाऱ्याच्या हाती दुसऱ्याची मान असते. दुसऱ्याला मोठे करण्यासाठी हरणे हे तर या धंद्यातले रोजचे कामच होय.

गेममध्ये मान नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’ (२०००) मध्ये पाइलड्रायव्हर हा अनेकांतला एक डाव आहे. बटण दाबले की तो लागतो. पण त्या चित्रातली आकृती नीट पाहावी. उचलला जाणारा मल्ल स्वतःही उडी घेत असतो, अंग सैल सोडीत असतो. अलीकडच्या गेमांत तर या हालचाली दोन सहकार्य करणाऱ्या देहांवरून टिपलेल्या असतात. म्हणजे खेळणारा जिंकण्यासाठी झटत असताना पडद्यावरचे दोन देह एकमेकांना सांभाळीत असतात. मूळ कुस्तीत वैर वर आणि विश्वास तळाशी असतो. गेममध्ये खऱ्या चुरशीच्या पृष्ठभागावर विश्वासाची केवळ खूण उरते. एकाचे सहकार्य दुसरा बटण दाबून वसूल करतो, आणि ज्याच्याकडून ते वसूल होते त्याला विचारलेले नसते.

एवढ्यावर थांबलो तर गेमला देहहीन, म्हणून नीतिशून्य ठरवून मोकळे होता येईल. पण गेमच्या रचनेला आपले मूळ ठाऊक असल्याच्या खुणाही आहेत. ‘नो मर्सी’त प्राणशक्ती दाखविणारी पट्टी नाही. तेथे मल्लाचा आवेश मोजला जातो, आणि प्रतिस्पर्ध्याला वाकुल्या दाखवूनही तो वाढतो. या लढाईचे चलन इजा नसून नाट्य आहे. ‘फायर प्रो रेसलिंग’ या जपानी मालिकेचा आरंभ १९८९ मधला. तिच्या पुढील आवृत्त्यांत लढतीनंतर तिच्या रंगतीचे टक्क्यांत मूल्यमापन होते. झटपट जिंकणाऱ्याला विजय मिळतो, गुण मिळत नाहीत. अधिक सोपा मार्ग असताना मुद्दाम अवघड मार्ग पत्करणे हे बर्नार्ड सूट्सने ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) मध्ये खेळाचे लक्षण मानले आहे. त्याच्या मते ती अवघड वाट नियम ठरवितात. येथे नियम मोकळीक देतात. वाट लांबविण्याची मागणी सौंदर्यदृष्टीची असते. समोरच्याला उठू द्यावे, त्याची वेळ येऊ द्यावी, हे खेळणारा स्वतःहून करतो. हार्टच्या कृतीशी या कृतीचे नाते दूरचे आहे. पण ते नाते आहे.

याच मालिकेत खेळणारा प्रत्येक मल्लाने कोणत्या प्रसंगी कोणता डाव किती टक्के वेळा टाकावा हे ठरवून देतो, आणि मग हात बाजूला ठेवून संगणकाने चालविलेली लढत पाहत बसतो. तो संहितेचा कर्ता असतो आणि तिचा शेवट माहीत नसलेला वाचकही असतो. (‘लेखकाचा मृत्यू’ हे सूत्र येथे चिकटविण्याचा मोह आवरलेला बरा, लेखक जिवंत आहे, फक्त त्याने हट्ट सोडला आहे.) याउलट ‘लेजेंड्स ऑफ रेसलमेनिया’ (२००९) मध्ये १९८७ ची हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची लढत पुन्हा जगता येते, त्याचप्रमाणे काही गाजलेल्या लढतींचे निकाल उलटवूनही टाकता येतात. इतिहास बदलण्याची ही मुभा मला गेमने देऊ केलेल्या गोष्टींपैकी सर्वांत उथळ वाटते. एक पूर्वलिखित निकाल खोडून दुसरा पूर्वलिखित निकाल मांडण्यात स्वातंत्र्य कितीसे?

स्वातंत्र्याचा खरा पेच दुसरीकडे आहे. २००७ मध्ये ख्रिस बेन्वा या मल्लाने पत्नीचा आणि लहान मुलाचा खून करून आत्महत्या केली. पुढच्या गेममधून कंपनीने त्याला वगळले. मात्र नवा मल्ल घडविण्याची सोय याच गेमांत असते, आणि तिच्यावाटे तो पुन्हा अवतरू शकतो. घडविणारा म्हणेल, मला त्याची कुस्ती हवी आहे, तो माणूस नको. चिन्ह आणि व्यक्ती यांची अशी फारकत बार्थच्या प्रेक्षकाला परवडणारी होती, कारण तो दूर बसलेला होता. येथे हात खेळणाऱ्याचा आहे. त्याला मनाई करावी असे मी म्हणणार नाही. पण ‘हा तर केवळ खेळ’ हे उत्तर त्याला उपलब्ध नाही, कारण त्या आकृतीचा चेहरा, वेष आणि नाव त्याने तासन्‌तास बसून निवडलेले असते.

१९९४ मध्ये आलेल्या ‘सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल’ची कथा गोइची सुदा याने लिहिली. तिचा नायक मोरिओ सुमिसु एकेक लढत जिंकत, एकेक जवळचे माणूस गमावत विजेतेपदापर्यंत पोहोचतो, आणि त्यानंतर आत्महत्या करतो. प्रत्येक लढत खेळणाऱ्याला खरोखर जिंकावी लागते. हरले की कथा पुढे सरकत नाही. शेवटच्या प्रसंगात मात्र दाबण्यासाठी कोणतेही बटण नाही.