स्वस्त यंत्र आणि जिवाचे मोल

उत्तम वस्तू थोड्यांस मिळावी, की पुरेशी वस्तू पुष्कळांस मिळावी, हा प्रश्न वस्त्राविषयी विचारला तर त्याचे उत्तर देणे जड जात नाही. जिला पैठणी परवडत नाही तिने साधे लुगडे नेसावे, ह्यात तिचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. परंतु हाच प्रश्न माणसाच्या हृदयाविषयी निघाला म्हणजे आपली जीभ अडखळते. श्रीमंताच्या छातीत एक झडप आणि गरिबाच्या छातीत दुसरी, हलक्या किमतीची, हे शब्द उच्चारतानाच काही तरी अन्याय घडत आहे असे वाटू लागते. तो अन्याय खरोखर आहे काय, आणि असल्यास नेमका कोठे आहे, ह्याचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

निमित्त पुण्याचेच आहे. २०१० नंतरच्या दशकात ह्या शहरात आशिष गावडे व अनिरुद्ध अत्रे ह्यांच्या जीवट्रॉनिक्स ह्या संस्थेने ‘सन्मित्र’ नावाचा एक डीफिब्रिलेटर तयार केला. हृदय एकाएकी बंद पडले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते अगदी बंद पडलेले नसते. त्याचे तंतू आपापल्या लयीने थरथरत असतात. दिंडीतील टाळकऱ्यांनी एकाच वेळी निरनिराळे ठेके धरावे, गलका राहावा आणि अभंग नाहीसा व्हावा, तसाच हा प्रकार. रक्त पुढे सरकत नाही आणि काही मिनिटांत सारे आटोपते. अशा वेळी छातीतून विजेचा जोराचा झटका दिला असता सर्व तंतू क्षणभर स्तब्ध होतात, आणि हृदयास आपला मूळ ठेका पुन्हा सापडण्याची संधी मिळते. १९४७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे क्लॉड बेक ह्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय ह्या उपायाने पुन्हा चालते केले. पुढे १९५६ साली पॉल झोल ह्यांनी छाती न उघडता तेच साधले. तेव्हापासून हे यंत्र सुधारत आले आहे, आणि महागतही आले आहे.

पुण्याच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की त्याला हाताने फिरवावयाचा एक दांडा आहे. वीज असेल तेथे ते विजेवर चालते. नसेल तेथे दांडा फिरवावा, की सुमारे बारा सेकंदांत एका झटक्यापुरती, म्हणजे २०० ज्यूल, ऊर्जा त्यात साठते. ही ऊर्जा किती, ह्याची वाचकांस कल्पना हवी असेल तर दहा लिटर पाण्याची बादली विहिरीतून दोन मीटर वर ओढून पाहावी. जवळजवळ तेवढेच काम पडते. म्हणजे बळ कोणत्याही धडधाकट माणसाच्या दंडात आहेच. नाही ती फक्त ते साठवून निमिषार्धात सोडण्याची युक्ती, आणि ती यंत्राने पुरविली आहे. इतर यंत्रांचा भरवसा बॅटरीवर असतो. ती वापरली नाही तरी काही वर्षांनी निकामी होते, नवी घालण्यास पैसे लागतात, आणि ते मंजूर होईपर्यंत यंत्र नुसते शोभेला उरते. रहाट ओढणाऱ्या देशात हा दांडा कोणास तरी सुचावयाचाच होता, असे वाटून जाते. पण सुचणे आणि करून दाखविणे ह्यांत अंतर असते.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जे यंत्र असते तेच वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या आरोग्यकेंद्रात का नसावे? गरिबांसाठी म्हणून वेगळे यंत्र घडविणे म्हणजे त्यांच्या गरिबीला आणि अंधाराला कायमची मान्यता देणे नव्हे काय? आज यंत्र वेगळे, उद्या औषध वेगळे, परवा जिवाचा हिशोबही वेगळा! आम्हांस ह्या आक्षेपाचा अर्धा भाग पूर्णपणे पटतो. ‘गरिबांसाठी एवढे पुरे’ ह्या वाक्यात जो तुच्छभाव दडलेला असतो तो जिवाच्या बाबतीत तरी असह्यच आहे. परंतु स्वस्तपणा सर्वच एका जातीचा नसतो. कामाला जे मुळीच लागत नाही ते ओळखून वगळल्याने येणारा एक. आणि कसोटीत काटकसर केल्याने येणारा दुसरा. पहिला बुद्धीचे फळ आहे, दुसरा फसवणूक आहे. आणि दुकानात ठेवले असता दोन्ही सारखेच दिसतात, हीच खरी अडचण.

हा भेद ज्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसतो ती पुण्याची नाही, तिरुवनंतपुरमची आहे. लहानपणी घसा धरतो, त्यातून ऱ्हुमॅटिक ज्वर येतो, आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होतात. हा रोग दाटीवाटीच्या वस्तीत, गरिबीत फोफावणारा. परदेशी कृत्रिम झडपेची किंमत अशा घरांच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांचे अभियंते सहकारी देशी झडप घडवू लागले. काम वर्षानुवर्षे चालले आणि एकामागून एक तीन नमुने फसले. कोठे धातूचा सांधा तुटला, कोठे धातू झिजला, कोठे नीलमण्याची चकती फुटली. चौथा नमुना, कठीण मिश्रधातूचा सांगाडा आणि प्लॅस्टिकच्या जातीची चकती असलेला, कसोटीस उतरला; आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम माणसाच्या हृदयात बसविण्यात आला. पुढे अशा झडपा लाखाहून अधिक रुग्णांस लागल्या.

ही हकीकत यशाची म्हणून सांगितली जाते, आणि ती यशाची आहेच. परंतु तिच्यात एक भाग असा आहे की तो सहसा सांगितला जात नाही. तिसरा नमुना फसला त्या वर्षीही रुग्ण येतच होते. त्यांच्यात शाळेच्या वयाची मुले असतील, पहिल्या बाळंतपणाला घाबरलेल्या सुना असतील. हाताशी एक झडप होती, कदाचित दोन-चार वर्षे टिकली असती. काहीच नसण्यापेक्षा ती बरी नव्हती काय? ज्याचे मूल समोर धापा टाकीत आहे त्या बापाने असे विचारले तर संशोधकाने काय सांगावे? ‘अजून खात्री नाही’ हे उत्तर शास्त्राला शोभते. पण त्या उत्तराची किंमत प्रयोगशाळा देत नाही, तो बाप देतो. कसोटीचा कडकपणा फुकट मिळत नसतो. वाट पाहता पाहता जे गेले त्यांच्या खात्यावर तो मांडलेला असतो, आणि त्यांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत.

इतके मान्य करूनही थांबणेच योग्य होते, असे आमचे मत आहे. माणसाचे हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा ठोके देते. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. इतके आघात सोसताना जी वस्तू मोडेल ती रुग्ण घरी गेल्यावर, त्याला आपण बरे झालो असे वाटू लागल्यावर मोडेल. ब्यर्क-शायली नावाच्या एका प्रसिद्ध परदेशी झडपेची एक सुधारलेली जात १९७९ पासून सुमारे ८६,००० लोकांच्या हृदयांत बसविली गेली. तिचा दांडा तुटून चकती निसटते असे ध्यानात येऊनही ती विकली जातच राहिली. १९८६ मध्ये ती बाजारातून काढली, तोवर आणि त्यानंतर मिळून असे सहाशेंहून अधिक प्रकार घडले, आणि त्यांतले बहुतेक प्राणघातक ठरले. ती झडप गरिबांसाठी केलेली नव्हती. महाग वस्तू म्हणजे तपासलेली वस्तू, ही आपली समजूत किती भोळी आहे हे ह्यावरून दिसते. तेव्हा समता मागावयाची ती येथे मागावी: यंत्राचा आकार, झगमगाट, किंमत वेगळी असो, पण ज्या कसोटीवर धनिकाचे यंत्र घासले जाते तीच कसोटी, तितक्याच वेळा, गरिबाच्या यंत्रालाही लागली पाहिजे. त्यात सूट देणारा दयाळू नव्हे.

पुण्याच्या दांड्याच्या यंत्राकडे ह्याच दृष्टीने पाहावे. त्याला हातदांडा आहे म्हणून ते हलके ठरत नाही. विजेचा तो झटका छातीला वीज कोठून आली हे विचारीत नाही. उलट वीज गेलेल्या शहरी दवाखान्यातही तो दांडा तितक्याच कामाचा आहे, आणि पावसाळ्यात पुण्याच्या पेठांतूनही वीज किती वेळा जाते हे आपण जाणतोच.

मात्र संशोधकाचे काम जेथे संपते तेथे आपले सुरू होते, आणि ह्या बाबतीत आपण फार मागे आहोत. हृदय थरथरू लागल्यापासून झटका मिळेपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची आशा शेकडा सात ते दहांनी घटते. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, ही मोठीच सोय झाली. पण घाटातल्या वाडीवर गाडी पोहोचेपर्यंत दहा मिनिटे केव्हाच उलटून जातात. तोवर छाती दाबत राहणे आणि यंत्र जवळ असल्यास ते चालविणे हे तेथल्याच कोणाला तरी करावे लागते. शाळामास्तरांना, अंगणवाडीच्या बाईंना, एस.टी.च्या कंडक्टरला. छाती दाबण्याची रीत शिकावयास एक दुपार पुरते. आमच्या पाहण्यात सरकारी कपाटे पुष्कळ आली आहेत, आणि त्यांतल्या मौल्यवान वस्तूला कुलूप लावून ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. असे यंत्र एखाद्या केंद्रात पोहोचले तर पहिली चौकशी ह्याचीच करावी लागेल, की कपाटाची किल्ली कोणापाशी असते, आणि तो मनुष्य रात्री गावात राहतो की पुण्यास.