सहा कानांची मसलत

माउली हो, आमच्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, लोक ठाण्यावर चालून गेले ते दिवसाउजेडी. तरी त्याच महिन्यात सरकारने तुकडोजी महाराजांना धरले. खंजिरीतही त्याला कट ऐकू आला! हेरांवर राज्य करणाऱ्याला दुसरे काय ऐकू येणार?

सहा कानी गेलेली मसलत फुटते, असे नीतिशास्त्र सांगते. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट करून मदनलाल पाहवा पकडला गेला. मुंबईच्या प्राध्यापक जैनांजवळ तो आधीच बोलला होता. त्यांना ती बढाई वाटली. स्फोटानंतर त्यांनी ते मंत्र्यांच्या कानी घातले. तरी ३० तारखेला बापू गेले. मग गुपित राहिले कुठे?

पण एवढा महात्मा केवळ ढिलाईने जावा, हे मनाला सोसत नाही. दुःखाएवढेच मोठे कारण हवे असते, म्हणून आणखी मोठा कट शोधला जातो. पुरावा नाही, हाच मग पुरावा होतो. दिंडीत चोर शिरल्याची आवई उठली की आपणही परक्या वारकऱ्याचेच गाठोडे सोडतो ना? मीही एकदा सोडले आहे. आत टाळ आणि दशम्या निघाल्या.