धुरामागची ओली लाकडे

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून संगमेश्वराकडे निघाले की सावर्डे लागते. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असते ते सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे, तिच्या कला महाविद्यालयामुळे, नाहीतर शेजारच्या डेरवणची शिवसृष्टी पाहायला जाताना. पानाच्या धंद्यातल्या माणसाला मात्र सावर्डे म्हटले की कात आठवतो.

कात खैराचा. खोडाची साल आणि वरचे पांढुरके लाकूड तासून काढायचे, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या करायच्या आणि त्या पाण्यात तासन्‌तास उकळायच्या. उतरलेला अर्क आटवून थंड केला की कात गोठतो. मग त्याच्या वड्या पाडून सावलीत वाळवतात. सावर्डे परिसरात आज हे काम कारखान्यांत चालते. त्याआधी कितीतरी पिढ्या ते जंगलातच होत असे, मातीच्या मडक्यांत, उघड्या चुलवणांवर. ते करणाऱ्या माणसांना कामावरूनच नाव पडले: कातकरी. काही भागांत त्यांना काथोडी म्हणतात.

नाव राहिले, काम गेले. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव होऊ लागली आणि मनाला येईल तेव्हा खैर तोडण्याचे दिवस संपले. स्वातंत्र्यानंतर खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आला. त्याच्या अनुसूचीत खैर आहे, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा खैर तोडायलाही परवानगी हवी. ज्यांच्याकडे ना बांध ना जमीन, ते कोळसा पाडायला गेले, वीटभट्टीवर गेले, पडेल ते काम करू लागले. महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी समाजांना सरकारने ‘विशेष असुरक्षित’ गटात ठेवले आहे: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. रायगड, ठाणे, पालघरात त्यांची वस्ती मोठी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातही गावकुसाबाहेर, नदीच्या काठाने त्यांच्या वाड्या दिसतात.

या वाड्यांविषयी गावात काय बोलले जाते ते कोकणात कुठेही ऐकायला मिळते. हे लोक टिकून राहत नाहीत, आज आहेत तर उद्या नाहीत. हातात पैसा आला की उडवतात. पोरांना शाळेची गोडी नाही. बोलणारा माणूस दुष्ट नसतो, बहुतेक वेळा तो खोटेही बोलत नसतो. वाडीला कुलूप त्याने पाहिलेले असते, वर्गातली रिकामी जागा शिक्षकाने पाहिलेली असते. प्रश्न डोळ्यांचा नाहीच. पाहण्यापासून ठरवण्यापर्यंत मन जी उडी मारते, तिचा आहे.

त्या उडीचा अभ्यास आपल्याकडे फार बारकाईने झाला आहे, आणि तो करणारे लोक संत नव्हते, तार्किक होते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे आग आहे असे आपण म्हणतो. न्यायदर्शनातले हे अनुमानाचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा या दर्शनाचा प्राथमिक ग्रंथ पाठशाळांतून शिकवला गेला. आठल्ये आणि बोडस यांनी १८९७ साली मुंबईत त्याची टिपांसह आवृत्ती काढली. त्यातही हा धूर आहेच. पण नैयायिकांनी पुढे एक खोचक प्रश्न विचारला. धुरावरून आग कळते हे ठीक. मग आगीवरून धूर कळतो का?

नाही कळत. लोखंडाचा गोळा लालबुंद तापवला तर त्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो जळण ओले असेल तेव्हा. हे ओले जळण नजरेआड असते, आणि तेच धरले नाही म्हणून अनुमान फसते. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. नावापुढे लावतात त्या पदवीशी या शब्दाचा संबंध नाही. उपाधी म्हणजे ती गोष्ट, जी कुणी विचारात घेतलीच नाही आणि जिच्यामुळे साधे, सरळ वाटणारे अनुमान लंगडे पडले.

सहानुभूतीचा विचार एरवी हृदयाच्या खात्यात जमा होतो. कनवाळू माणसे दुसऱ्याला समजून घेतात, रोखठोक माणसे सरळ निवाडा करतात, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. नैयायिकांच्या कसोटीवर ती टिकत नाही. उपाधी न शोधता निवाडा करणारा माणूस कठोर असेल-नसेल, पण तो आधी चुकीचा असतो. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून, आपले अनुमान दुरुस्त करण्याची ती रीत आहे.

वाडीच्या कुलपामागे काय असते? पावसाळ्यात घरातले धान्य संपते. शेतीची लावणी उरकली की मजुरीही आटते. त्याच दिवसांत भट्टीवाल्याचा माणूस येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. तांदूळ, औषध, एखादे लग्न यांत ते संपतात. दिवाळीनंतर ती रक्कम फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते, नवरा चिखल करतो, बायको विटा पाडते, पोरे धाकट्यांना सांभाळतात. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो आणि बहुधा हातात फारसे काही उरत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचल आणि वेठ यांच्यातली रेघ अनेकदा इतकी पुसट असते की ती कुठे ओलांडली हे घेणाऱ्यालाही कळत नाही. ‘टिकत नाहीत’ म्हणणाऱ्याने घराचे कुलूप पाहिले, उचल पाहिली नाही. ओले जळण ते हेच.

ही केवळ शब्दांची कसरत नाही, हे एका साध्या प्रयोगाने दिसले. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटना १९८२ पासून काम करत होती. तिच्याशी जोडलेल्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच शाळा काढल्या. भट्टीवरच्या गवती झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगा शाळा. पोरांना गोडी नाही हे खरे असते, तर दाराशी आलेली शाळाही रिकामी राहिली असती. ती भरली. मुले तीच होती, आईबापही तेच. बदलली ती फक्त शाळेची जागा.

आता धर्माकडे वळले तर गंमत अशी की, घाईच्या निवाड्याला त्याने खतपाणीही घातले आणि त्याला लगामही घातला. एखाद्याच्या दैन्यावर ‘मागल्या जन्मीचे भोग’ एवढे म्हटले की चौकशी संपते. उपाधी शोधायचे कारणच उरत नाही, कारण ती मागच्या जन्मात टाकून दिलेली असते. याच मातीत वारकऱ्यांनी मात्र अगदी उलटी रीत घालून दिली. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. समोरचा कोण, कुठला, कसा, हे कळण्याच्या आधी. निवाड्याची पाळी येण्याआधी आदर देऊन मोकळे व्हायचे.

तरीही वारकऱ्यांच्याच पंढरपुरात विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गुरुजी याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे. पाया पडण्याची रीत वाळवंटात होती, दारात नव्हती.

आणि निवाड्याला कायद्याचा शिक्का मिळाला तर? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू होईल असा वाढवला. यादीतल्या जमातीत जन्मलेल्या माणसाला काहीही न करता पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. जन्म हाच पुरावा. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ज्याला हसला असता, अशा अनुमानावर लाखो माणसांचे आयुष्य बांधले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. संशय रद्द करणारे कलम मात्र कुठल्याच कायद्यात नसते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्या संशयाची दुसरी बाजू आतून दिसली. उचल आणि उचल्या, एकाच धातूचे दोन शब्द. एक देणाऱ्याच्या वहीत लिहिला जातो, दुसरा घेणाऱ्याच्या कपाळावर.

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. प्रत्येकाची उपाधी शोधत बसलो तर चूक कुणाचीच नाही, असे होईल ना? कोकणात खैराची चोरटी तोड होते, तिला काय म्हणायचे? चोरीच म्हणायचे. तोडलेले झाड तोडलेलेच असते आणि दंड व्हायला हवा. पण ‘हे कृत्य चोरीचे आहे’ आणि ‘ही माणसे चोर आहेत’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला पंचनामा पुरतो, दुसऱ्याला जगातला कुठलाच पंचनामा पुरणार नाही. शिवाय जंगलात कोयता दिसतो तो मजुराच्या हातात. सौदा ठरवणाऱ्याचे हात तिथे नसतात. जो दिसला त्याच्यापाशी थांबायचे, ही चूक तिथेही होतेच.

विड्याचा एक दृष्टान्त चार्वाकांच्या नावावर सांगितला जातो. पान लाल नाही, सुपारी लाल नाही, चुना तर पांढराच. एकत्र चावले की लाली उगवते. चार्वाकांना त्यातून चैतन्याचा उगम सांगायचा होता. सावर्ड्याचा कात त्या विड्यात घातला तर लाली आणखी खुलते, आणि तीही काताच्या तपकिरी वडीत आधी शोधून सापडत नाही. माणसाच्या वागण्याचे पुष्कळदा असेच असते. एकटा माणूस कितीही निरखला तरी ते त्याच्यात सापडत नाही, ते त्याच्यात आणि परिस्थितीत मिळून तयार झालेले असते.

कामासाठी स्थलांतर करणाऱ्या मुलांना आता राज्यात ‘शिक्षण हमी पत्रक’ दिले जाते. वाडीवरच्या शाळेने ते भरून द्यायचे, मुलाने ते बरोबर न्यायचे आणि भट्टीजवळच्या शाळेत दाखवायचे, म्हणजे तिथे त्याला त्याच्या इयत्तेत बसता येते. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी चिखलाने माखलेले एक पोर परक्या गावच्या शाळेच्या दारात उभे राहते, हातात चुरगळलेला तो कागद. आत हजेरी चालू असते. मुख्याध्यापक मान वर करून आधी कपड्यांकडे पाहतात की कागदाकडे, यावर त्या वर्षीचे पुष्कळ काही अवलंबून असते.