ऋण कोणाचे?

गुरुऋण फिटत नाही, असे आपल्याकडे मुलांना लहानपणापासून सांगतात. मास्तरकीच्या पेशाला हे सोयीचेच आहे. म्हणून आम्ही मास्तरांनी त्यावर कधी वाद घातला नाही. पण गुरूवर शिष्याचे काही ऋण असते की नाही? निदान जो परमुलखात जाऊन, तिथले मीठ खाऊन आपली भाषा शिकवतो, त्याच्यापुरता तरी हा हिशेब उलटा मांडून पाहायला नको काय?

इटलीतले त्रिएस्ते घ्या. 1905 साली जेम्स जॉइस हा तेवीस वर्षांचा आयरिश तरुण तिथल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवू लागला. ते बंदर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. गावाची बोली मात्र इटालियन वळणाची. तो गेला होता पोटासाठी. तुटपुंजा पगार, घरोघरच्या शिकवण्या आणि उसनवारी असा संसार चालला होता. गंमत अशी, की दिवसभर इंग्रजी शिकवणाऱ्या या मास्तराच्या घरात मुलांशी बोलणे होई ते त्या गावच्या बोलीत! एत्तोरे श्मिट्स नावाचा त्याचा एक विद्यार्थी वयाने वीस वर्षांनी मोठा, सासरच्या रंगाच्या कारखान्यात गुंतलेला. आपल्या दोन कादंबऱ्यांना कोणी विचारले नाही, म्हणून हिरमुसलेला. मास्तरने त्या वाचल्या आणि वाखाणल्या. पुढे 1923 साली इतालो स्वेव्हो या टोपणनावाने त्याची तिसरी कादंबरी आली आणि तो युरोपात गाजला. उलट ‘युलिसिस’चा नायक रंगवताना जॉइसला हा शिष्य फार उपयोगी पडला, असे अभ्यासक मानतात. इथे देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण? हिशेब फिटंफाट झाला म्हणावे.

पण सगळेच हिशेब इतके सरळ नसतात. आपल्या नागपूरचेच पाहा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली इथे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. राज्य तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे होते. 1846 साली त्याने शाळा काढली. तो पोटासाठी आला नव्हता. आपला धर्म द्यायला आला होता. आईबापांना धर्म नको होता, इंग्रजी हवी होती. एकाच वर्गात दोन हेतू शेजारी शेजारी बसले होते, आणि एकमेकांना चांगले ओळखून होते. मूल शिकेल खरे, पण घराला पारखे होईल, ही भीती काही पोकळ नव्हती. अशा माणसाचे ऋण मानावे काय?

कोणी म्हणतात, हेतू काही का असेना, शाळा तर मिळाली! मला हे पटत नाही. गळाचे आमिष गोड लागले म्हणून माशाने कोळ्याचे आभार मानावे, तसे हे होते. दुसरे म्हणतात, हेतूच धर्मांतराचा, तेव्हा सारेच वाया. हेही पटत नाही. माणूस एक हेतू धरून येतो. पण अठरा वर्षे एखाद्या मातीत काढली, की तो तेवढाच राहत नाही.

हिस्लॉप मराठी शिकला. टाकळीच्या परिसरातले दगड फोडून त्याने त्यांत रुतलेले शंखशिंपले आणि झाडापानांचे अवशेष गोळा केले. त्याच्या नावावरून एका खनिजाला हिस्लोपाइट म्हणतात. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की गोंडांची भाषा, त्यांच्या चालीरीती आणि लिंगोची कथा त्याने टिपून ठेवली. ज्या शेजाऱ्यांना आम्ही पांढरपेशांनी कधी काही विचारले नव्हते, त्यांच्यापुढे हा मास्तर विद्यार्थी होऊन बसला. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. वय अवघे पंचेचाळीस. त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने 1866 साली छापून काढली.

मला वाटते, जो नुसता देतो तो उपकारकर्ता. त्याचे ऋण मनाला टोचत राहते. जो देता देता घेऊही लागतो, तो गुरू; त्याचे ऋण मानायला संकोच वाटत नाही. आणि ऋण मानणे म्हणजे मान तुकवणे नव्हे. नागपूरने त्याची इंग्रजी घेतली. त्याचा धर्म बहुतेकांनी घेतला नाही. तरी 1883 साली सुरू झालेल्या कॉलेजला लागलेले हिस्लॉपचे नाव मात्र या शहराने आपले मानले. ‘नाही’ म्हणूनही कृतज्ञ राहता येते, हा धडा त्या शाळेच्या कोणत्याच पुस्तकात नसावा. तो या गावाने आपला आपण गिरवला.

आज आपल्याही घरची मुले दूरदेशी शिकवायला जातात. या दिवाळीला त्यांना फराळाचा डबा पाठवाल, तेव्हा पगाराची चौकशी जरा मागून करा. आधी एवढेच विचारा, की वर्गातल्या पोरांची नावे नीट उच्चारता येऊ लागली का?