रंग आणि गंज



पावसाळा संपून हवा कोरडी झाली की आपल्या आळीत कुणाच्या ना कुणाच्या अंगणात एखादा जुना पिकअप टेम्पो रंगकामासाठी उभा दिसतो. भाजी, केळी, फुले वाहून आणि उन्हातान्हात राहून त्याचा रंग पार उडालेला असतो. गॅरेजचा खर्च परवडत नाही, म्हणून बापलेक मिळून घरीच काम काढतात. श्रम चांगले, बचतही चांगली. पण या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जुन्या वस्तूला नवा रंग देणे ही तिची निगा की लपवाछपवी?

आधी रंग का उडतो ते पाहू. उन्हातील अतिनील किरणांनी रंगाचा वरचा थर हळूहळू मोडतो, चकाकी जाते, बोनेटवर हात फिरवला तर तळव्याला भुकटी लागते. हा गाडीचा दोष नव्हे, ती तिच्या कष्टाची खूण आहे. गंजाचे तसे नाही. बारीकशा चरेतून ओल आत शिरते, किनाऱ्याची खारी हवा तिला साथ देते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. फिकटपणा दिसतो फार, पण त्याने बिघडते थोडे. गंज दिसतो थोडा, पण बिघडवतो फार.

म्हणून जाणकार माणूस रंगाच्या डब्याला शेवटी हात लावतो. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासतो. पत्रा कुजला असेल तिथे कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घेतो. मग प्रायमर, खळग्यांत पुट्टी, पुन्हा घासणे, आणि शेवटी रंगाचे दोन-तीन पातळ हात. घाई करणारा गंजावरच पुट्टी थापतो. त्याचीही गाडी झळकते, पण पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक ठाऊक असतो तो रंगवणाऱ्याला आणि परमेश्वराला.

आता समजा, ही गाडी विकायची आहे. घेणारा तरुण कर्ज काढून आलेला आहे. चॅसी कुजलेली आहे, वरून रंग मात्र नवा. ‘त्याने नीट बघून घ्यावे,’ असे आपण सहज म्हणतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे: विकणाऱ्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे का? दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी घेतली असेल, तर सांगण्याचे बंधन नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर न सांगता विकणे ही फसवणूक होय. बाजारात दवंडी पिटायला ते सांगत नाहीत. जो घ्यायला येतो, त्याला सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

ही कसोटी आपल्या अंगणात लावू. उडालेला रंग म्हणजे तो एका डोळ्याचा घोडा, सर्वांना दिसणारा. गंजही आधी बऱ्याच अंशी दिसत होता. आपण ब्रश फिरवला आणि उघड दोष आपल्याच हाताने छुपा झाला. तेव्हा सांगण्याचे बंधनही आपणच ओढवून घेतले.

‘सांगितले तर किंमत पडेल, घर कसे चालवायचे?’ ही अडचण खरी आहे. गरीब माणसाला काही हजार रुपये लहान नसतात. पण गंजाने जी किंमत खाल्ली ती आपली उरलेलीच नव्हती. लपवून आपण ती त्या तरुणाच्या खिशातून काढतो, आणि तोही बहुधा आपल्यासारखाच असतो.

प्रभू येशूने शास्त्री आणि परुशी यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली (मत्तय २३). त्याला चुना खुपला नाही, चुन्याखाली झाकलेले खुपले. आपणही प्रायश्चित्त संस्काराला जाताना वरवरचे फिकट डाग सांगून येतो आणि मनात जपलेले वैर किंवा बुडवलेले देणे तसेच झाकून ठेवतो. घासताना दुखते, पण त्याशिवाय कृपेचा रंग धरत नाही.

तेव्हा गाडी अवश्य रंगवा. नाकातोंडाला मास्क लावा, रंग बदलणार असाल तर आरटीओत रीतसर नोंद करा. आणि विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला गाडीखाली वाकायला लावून जिथे गंज होता ती जागा दाखवा.

– प्रमुख धर्मगुरू