हंसें कोणाचें?

परक्या भाषेंतील विनोद आपल्या भाषेंत आणणें म्हणजे एका वाफ्यांतील रोप उपटून दुसऱ्या वाफ्यांत लावणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. माती निराळी, पाणी निराळें. पण रोप जगलें म्हणजे माळी कुशल, एवढाच निवाडा आपण देतों. मोलिएरच्या प्रहसनांतील संशयी नवरा इंग्रजी रंगभूमीवरून फिरत फिरत देवलांच्या 'संशयकल्लोळां'त आला आणि फाल्गुनराव होऊन आपल्यांतलाच एक होऊन बसला. ब्रँडन टॉमस याचें १८९२ सालचें 'चार्लीज आंट' आचार्य अत्र्यांच्या हातीं 'मोरूची मावशी' झालें, आणि ही मावशी कोणत्या गांवची हें विचारण्याची गरज कोणाला भासली नाहीं. अशा यशामुळें रूपांतर हा केवळ कौशल्याचा प्रश्न आहे असें वाटूं लागतें. तो कांहीं वेळां नीतीचाहि प्रश्न असतो, हें दाखविण्यासाठीं मी एक जपानी उदाहरण घेणार आहें.

हिसाशी एगुची या चित्रकाराची 'स्टॉप!! हिबारी-कुन!' ही विनोदी चित्रकथा १९८१ ते १९८३ या काळांत 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. १९८३ च्या मे महिन्यांत तिच्यावरून केलेली चलच्चित्रांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि ३५ भाग चालली. कथानक साधें आहे. आई वारल्यावर कोसाकु नांवाचा शाळकरी मुलगा एका परक्या घरीं आश्रयाला येतो. घराचा धनी गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या आहे. या घराण्याच्या आडनांवाचा अर्थ 'विशाल आकाश' असा होतो, आणि चारही मुलांना पांखरांचीं नांवें आहेत: कस्तूर, पाकोळी, चिमणी आणि चंडोल. चंडोल म्हणजे हिबारी. दिसायला देखणी, अभ्यासांत हुशार, मैदानावरहि कोणाला हार न जाणारी. ती जन्माला आली ती मात्र मुलगा म्हणून, आणि बापाच्या दृष्टीनें तोच टोळीचा एकमेव वारस. आज अशा व्यक्तीला आपण पारलिंगी म्हणतों.

या कथेंतील विनोद कोठें पडतो, तें पाहण्यासारखें आहे. ज्याच्या नांवानें गल्लीबोळ कांपतात तो बाप स्वतःच्या माजघरांत हतबल होतो. हिबारीकडे मन ओढ घेतें आणि बुद्धि मागें खेंचते, अशा कचाट्यांत कोसाकु सांपडतो. हिबारी स्वतः मात्र कधीं गोंधळत नाहीं, ओशाळत नाहीं. सारें घर तिच्याभोंवतीं गरगरतें आणि ती मधोमध स्थिर उभी असते. आपण हंसतों ते गरगरणाऱ्यांना.

आतां ही कथा दुसऱ्या देशांत, समजा आपल्याकडे, दूरचित्रवाणीची विनोदी मालिका म्हणून आणावयाची आहे. रूपांतरकारापुढें पहिला मोह उभा राहतो तो असा, कीं हिबारीला सोंग घ्यायला लावावें. शत्रूपासून लपण्यासाठीं, मृत्युपत्रांतील एखादी अट पुरी करण्यासाठीं, नाहींतर मित्राचें लग्न जुळविण्यासाठीं मुलानें मुलीचा वेष घेतला आहे असें दाखवावें. शेवटच्या भागांत केसांचा टोप उतरवावा आणि सर्वांना हायसें वाटूं द्यावें. सोंगाची गोष्ट कोणत्याहि देशांत चालते. याचा दाखला जपानच्याच दुसऱ्या एका चित्रकथेनें दिला आहे. हिसाया नाकाजो हिची 'हाना-किमी' ही कथा १९९६ ते २००४ पर्यंत चालली. तींतील मुलगी केस कापून, मुलगा असल्याचें भासवून, आपल्या आवडत्या उंच उडीपटूच्या मुलांच्या शाळेंत दाखल होते. या कथेची मालिका २००६ सालीं तैवानांत झाली, २००७ सालीं जपानांत झाली आणि २०१२ सालीं दक्षिण कोरियांतहि झाली. नांवें बदललीं, भाषा बदलली, पण गाभ्याला धक्का लागला नाहीं. कारण सोंग आहे हें प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतें, आणि आपल्या ठाऊक असण्याचें सुख तो शेवटपर्यंत उपभोगतो.

सोंग आणि स्वत्व यांतील हा भेद आपल्याला नवा वाटण्याचें कारण नाहीं. महाभारतानें तो केव्हांच करून ठेविला आहे. विराटाच्या घरची बृहन्नडा हें सोंग आहे. अज्ञातवासाचें वर्ष संपलें कीं तें उतरतें आणि आंतून अर्जुन निघतो. शिखंडीची गोष्ट तशी नाहीं. द्रुपदाच्या घरीं कन्या म्हणून जन्मलेला शिखंडी पुत्र म्हणून वाढतो. दशार्णाच्या राजाची कन्या त्याला दिली जाते. मग खरें काय तें कळतांच सासरा 'आमची फसवणूक झाली' म्हणून युद्धाला उभा राहतो. शिखंडी वनांत जातो, यक्ष आपलें पुरुषत्व त्याला देतो, आणि तो परत येऊन जगूं लागतो. येथें टोप उतरावयाचा नाहीं, कारण टोपच नाहीं. दशार्णाच्या राजाची चूक झाली ती हीच, कीं दुसऱ्याच्या जगण्याला त्यानें सोंग मानलें. आपणहि तीच चूक करीत आलों, आणि ज्याच्या आडून वार करावा अशा माणसाला शिखंडी म्हणून मोकळे झालों.

महाभारतकार हंसवितात तेंहि कसें, तें ध्यानांत घ्यावें. बृहन्नडेला सारथि करून राजपुत्र उत्तर रणांगणावर जातो. घरच्या स्त्रियांपुढें केलेल्या त्याच्या वल्गना कौरवसेना दिसतांच विरून जातात आणि तो रथांतून उडी टाकून पळतो. बृहन्नडा वेणी उडवीत त्याच्या मागें धांवते. तें ध्यान पाहून कौरवांचे सैनिक हंसतात. वाचक मात्र उत्तराला हंसतो. दोन्ही हंशांतील अंतर मोठें आहे. सैनिक हंसतात तें बाहेरचा वेष पाहून. वाचकाला हंसूं येतें तें पौरुषाच्या पोकळ बढाईचें. हिबारीचा बाप उत्तराच्याच जातीचा आहे.

स्त्रीवेषांतला पुरुष पाहून न हंसण्याची विद्या मराठी प्रेक्षकाला पूर्वीं अवगत होती. बालगंधर्व सिंधू म्हणून रंगमंचावर येत तेव्हां नाट्यगृहांत कोणी दांत काढीत नसे. डोळ्यांना पदर लागत. पुढें, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाच्या सुमारास, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करूं लागल्या, आणि तें योग्यच झालें. पण त्यानंतर साडी नेसलेल्या पुरुषाला रंगभूमीवर एकच काम उरलें, तें म्हणजे हंसविण्याचें. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांनीं हा वारसा जसाच्या तसा उचलला. म्हणून हिबारी आमच्या पडद्यावर आली कीं तिनें तोंड उघडण्यापूर्वींच हंशा तयार असणार, आणि तो उत्तराला हंसणाऱ्या वाचकाचा नसून कौरवांच्या सैनिकांचा असणार.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, 'असूं द्या कीं! अजिबात न येण्यापेक्षां सोंग म्हणून तरी हिबारी घरोघरीं आली, तर लोकांच्या डोळ्यांना संवय होईल.' या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण संवय कशाची होणार, हाच प्रश्न आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर दिवाणखान्यांत सारीं माणसें मालिका पाहत बसलीं आहेत. टोप उतरतो, आजोबांपासून धाकट्यांपर्यंत सर्वजण खो खो हंसतात. त्याच सतरंजीच्या कडेला एक चौदा वर्षांचें मूल बसलें आहे. आपल्या मनांतली गोष्ट घरांत बोलावी कीं बोलूं नये, या विचारांत त्याचे कित्येक महिने गेले आहेत. त्याला त्या रात्रीं उत्तर मिळतें: 'तुझें जें आहे तें सोंग आहे, आणि तें उतरल्यावर आम्हांला बरें वाटेल.' घरांतल्या कोणाच्याहि मनांत हें म्हणावयाचें नव्हतें. रूपांतरकारानें तें त्यांच्याकडून म्हणवून घेतलें. अर्धी भाकरी उपाशीपणापेक्षां बरी हें खरें. पण तींत खडे असतील तर तें म्हणवत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ कृति तरी कोठें निर्मळ आहे? हिबारीविषयीं तींत जे शब्द घरचींच माणसें वापरतात ते आज सभ्य माणसाच्या तोंडीं शोभणारे नाहींत. हें मान्य केलें पाहिजे. १९८१ सालीं अशा व्यक्तीला सरकारी नोंदींत आपलें लिंग बदलून घेण्यासाठीं जपानांत खास कायदा नव्हता. तो २००३ सालीं झाला, आणि त्यांत प्रजननशक्ति नष्ट झालेली असण्याची अट होती. ती तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या ऑक्टोबरांत घटनाबाह्य ठरविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें आपली लिंगओळख ज्याची त्यानें ठरवावी हा अधिकार १५ एप्रिल २०१४ रोजीं मान्य केला. एवढ्या काळांतून आलेला रूपांतरकार मूळच्या शिव्या निष्ठेनें उतरवून काढील तर ती निष्ठा शब्दांशीं होईल, कृतीशीं नव्हे. ज्या पात्राला लेखकानें मान ताठ ठेवून उभें केलें, तें दुसऱ्या देशांतहि मान ताठ ठेवून उभें राहिलें पाहिजे. बाकी वेष, अन्न, गांव, शिव्या, हवें तें बदलावें.

आणि येथेंच आपल्या भाषेची एक अडचण उभी राहते. जपानी क्रियापदाला लिंग नाहीं. बोलणारा स्वतःला 'बोकु' म्हणतो कीं 'आताशी', आणि नांवापुढें कोणतें उपपद लागतें, यावरून काय तो बोध होतो. शीर्षकांतील 'कुन' हें उपपद बहुधा मुलांच्या नांवाला लागतें. मुखपृष्ठावर मुलगी आणि नांवापुढें 'कुन', एवढ्यानें एगुचीनें सारा पेंच सांगून टाकला. मराठींत ही सोय नाहीं. 'मी आलों' किंवा 'मी आलें' यांपैकीं एक म्हटल्यावांचून पात्राला घराचा उंबरठाहि ओलांडतां येत नाहीं. मी स्वतः या लेखांत हिबारीला 'ती' म्हणत आलों, तोहि एक निर्णयच होता. रूपांतरकाराला तो पहिल्याच वाक्याला घ्यावा लागेल.

परंतु जी अडचण तीच सोयहि होऊं शकते. समजा, कोल्हापुरांतील एका तालमीच्या वस्तादाचें घर आहे. कडी वाजते. 'आला का तो?' वस्ताद विचारतो. 'हो, आली,' असें थोरली मुलगी स्वयंपाकघरांतून सांगते. रोज हेंच. बापाचा 'आला' आणि बहिणींची 'आली' यांचें भांडण प्रत्येक भागांत चालूं राहतें. मग एके रात्रीं पाऊस कोसळत असतो, पंचगंगेचें पाणी चढत असतें आणि अजून कडी वाजलेली नसते. वस्ताद दोनदां उठून दाराशीं जाऊन येतो आणि न राहवून म्हणतो, 'अजून आली कशी नाहीं?' सारें घर चिडीचूप होतें. वस्ताद खांकरतो आणि म्हणतो, 'भाकरी! भाकरी म्हणतों मी. ताटांत आली नाहीं अजून.'

येथें प्रेक्षक पोट धरून हंसेल, आणि तें हंसें वस्तादाचें असेल. सतरंजीच्या कडेला बसलेलें मूलहि त्या हंशांत सामील होऊं शकेल.