जागच्या जागी

बँकेत बावीस वर्षं नोकरी केली की माणसाला एक खोड लागते. वस्तू दिसली की तिला खातं उघडून द्यावंसं वाटतं. घरात मिठाची बरणी साखरेच्या शेजारी दिसली, तरी सस्पेन्स खात्यात पडून राहिलेली रक्कम पाहावी तसा मी अस्वस्थ होतो. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की मी वर गेलो की आधी चित्रगुप्ताच्या वह्या नीट लावीन आणि मगच स्वतःचा हिशेब द्यायला उभा राहीन.

वस्तू जागच्या जागी ठेवणं हा सद्‍गुण आहे, याविषयी गेल्या मे महिन्यापर्यंत मला तिळमात्र शंका नव्हती. ती शंका सासुरवाडीने निर्माण केली. माणसाच्या बहुतेक श्रद्धा तिथंच ढासळतात, हा भाग वेगळा.

सासुरवाडी सावंतवाडीची, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गावची. चितारआळीतल्या लाकडी आंब्याला मी एकदा बोटाने दाबून पाहिलं होतं, हे तिकडे अजून सांगतात. सासरे, म्हणजे नाना, त्या आळीतले नव्हेत. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून परसातल्या मांगरात त्यांनी लेथ बसवलं. यात लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार धरणारा एका जागी उभा राहतो. आमच्या बँकेचंही तत्त्व तेच. गिऱ्हाईक फिरतं, कारकून जागेवर असतो.

आता लेथ घेणं हे लग्न करण्यासारखं आहे. मूळ खर्च परवडतो, मागाहून येणारं सामान परवडत नाही. लाकूड पकडायला चक लागतो. चकला चार जबडे लागतात, त्यांना ‘जॉज’ म्हणतात, आणि लहानमोठ्या कामासाठी त्यांचे वेगवेगळे संच लागतात. दोन टोकांत लाकूड धरायला सेंटर लागतात. त्यांचे दांडे एका बाजूला किंचित निमुळते असतात. हा निमुळतेपणा अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स नावाच्या गृहस्थाने १८६० च्या दशकात ठरवून दिला आणि जग आजही तो पाळतं. शिवाय सपाट, गोल, तिरक्या पटाश्या, फेसप्लेट, कॅलिपर, चाव्या, पाने.

हे सगळं नानांच्या मांगरात कसं होतं? पटाश्या डालड्याच्या जुन्या डब्यात, उलटसुलट. सेंटर खिडकीत. जॉज हॉर्लिक्सच्या बाटल्यांतून. एक फेसप्लेट तर चक्क मोटारीवर. आणि चकची चावी मोटारीच्या स्विचवर लोंबकळत! माझ्यातला कारकून कळवळला.

घरची मंडळी चार दिवस पणजीला लग्नाला गेली. मी ‘घर सांभाळायला’ मागे राहिलो. बाजारातून रॅक आणलं, प्लॅस्टिकचे खण आणले, लेबलं आणली. पटाश्या रुंदीप्रमाणे लावल्या: ६, १०, १३, १९, २५ मिलिमीटर. सेंटरांच्या दांड्यांना गंज चढू नये म्हणून तेलाचा सढळ हात दिला. जॉजवर १ ते ४ असे आकडे कोरलेले दिसले, तेव्हा तर मला गहिवरून आलं. कुणीतरी आपल्यासारखा विचार करणारा माणूस त्या कारखान्यात होता! मी सगळे एक नंबरचे जॉज एका खणात, सगळे दोन नंबरचे दुसऱ्या खणात, अशी नोटांसारखी वर्गवारी केली. चाव्यांना भिंतीवर फळा केला. सुवाच्य अक्षरात रजिस्टर घातलं. मांगराला कुलूप लावून ‘कामाची वेळ’ लिहिण्याचा मोह मात्र आवरला.

नाना परत आले. दारात उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग “छान केलंत हो, जावईबापू,” म्हणाले आणि घरात निघून गेले. मला वाटलं, कंठ दाटला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेथपाशी गेले. हात स्विचकडे गेला आणि तिथंच थांबला. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

“चावी?”

“फळ्यावर, नाना. अनुक्रमांक सात.”

त्यांनी फळ्याकडे मान वळवली, पण नजर फळ्याच्या हातभर अलीकडे. मग स्टूल ओढून बसले. त्या दिवशी लेथ चाललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी तांदूळ निवडताना सासूबाईंनी सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. थेंब फ्रिजमध्ये, लोणच्याच्या मागे ठेवलेले असतात. “समोरचा दिसता त्यांका, बाजूचा नाय दिसत. कोणाक सांगू नको म्हणालेत.” या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची.

म्हणजे तो पसारा नव्हताच. उजव्या हाताला डबा. त्यात मूठ कशी लागते त्यावरून पटाशी ओळखायची. डाव्या हाताला खिडकी. आणि चावी स्विचवर अशासाठी, की ती तिथं हाताला लागली म्हणजे चकमध्ये विसरलेली नाही. चावी अडकलेला चक सुरू झाला, तर ती गोळीसारखी सुटते. नानांची नजर मांगरभर पसरलेली होती आणि मी ती गोळा करून खणांत भरली होती, वर लेबलं लावून.

खरा पेच पुढेच आहे. मेहुण्याला कळलं, तर तो म्हणाला, “भावोजी, बरंच झालं की! असंच राहू दे. आता मशीनला हात लावणार नाहीत.” आणि त्याचं चूक होतं असंही नाही. फिरतं लाकूड, धारदार पटाशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि अर्धी नजर. माझ्या अडाणीपणाने जे घडलं, तेच शहाणपण म्हणून खपवता येत होतं. पण माणसाला थांबवायचं, तर समोर बसून थांबवावं; त्याची चावी हलवून नव्हे. न विचारता केलेलं भलं आणि न विचारता केलेलं वाईट, यांची व्हाउचरं वेगळी असली, तरी सही दोन्हीवर आपलीच असते.

रात्री मी नानांपुढे बसलो आणि कबूल झालो. अडचण अशी, की नवं रजिस्टर घालताना जुनी शिल्लक मी लिहूनच घेतली नव्हती! बी. कॉम. झालेल्या माणसाने!

“मी सांगतो, तुम्ही ठेवा,” नाना म्हणाले. मग सकाळभर ते स्टुलावर आणि मी शिपाई. “डबा इथून दीड वितीवर. नाही, हात सरळ टाकल्यावर लागला पाहिजे.” मला कळलं की जॉज संचाप्रमाणे एकत्र ठेवायचे असतात. एक ते चार हा एकाच कुटुंबाचा क्रम; मी चार घरांतली थोरली मुलं एका खोलीत कोंडली होती. आणि सेंटरचा दांडा केवळ घर्षणाने पकड घेतो, त्यामुळे माझं तेल पुसून काढण्यातच तास गेला.

माझी एकच सुधारणा त्यांनी ठेवून घेतली. लाकडी ठोकळ्याला भोकं पाडून सेंटर उभे करायचे, म्हणजे एकमेकांवर आपटून दांड्याला खोक पडत नाही. कडेला त्यांनी कानशीने खाचा केल्या, एक, दोन, तीन. लेबलं बोटांनी वाचायची.

चकवरची मोठी भांडी यापुढे करणार नाही, हे नाना आपणहून म्हणाले. दोन सेंटरमधली लाटणी तेवढी, तीही तोंडावर मुखवटा घालून आणि सासूबाई दाराशी असताना. मेहुणा माझ्याशी अजून जेमतेम बोलतो. मी बरोबर केलं का? एखाद्या रात्री फोन वाजला, की काळजात धस्स होतं.

परवा घरी पुन्हा मिठाची बरणी साखरेच्या शेजारी दिसली. हात पुढे गेला, तो मागे घेतला आणि सौ.ला विचारलं, “ही इथं का असते गं?”

ती उत्तरच देईना. ताप आहे का, ते बघायला तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.